बंदुकीले आवतण

१

सोनं खाली ठेवा, गोदाबाई. ताटही ठेवा. आज माझ्या घरी दसऱ्याची पूजा झाली तेवढी झाली. नांगर पुजला, विळे पुजले, कुऱ्हाड पुजली. तुम्ही ज्याच्यासाठी हळदकुंकू घेऊन शेजारून आल्या, ते आता खुंटीवर नाही. पाहा वर, खुंटी रिकामी आहे.

बसा म्हणते ना. खेमूकडे असं पाहू नका, झोपला आहे तो. त्याचा हात मी काहून धरून बसली, तेही सांगते. पण मधात बोलू नका. माझं डोकं असं तापलं आहे, का त्याच्यावर भाकर टाकली तर फुगन.

माझा राग कुठून सुरू होते ते आधी ऐका. हट्ट्याले, माझ्या माहेरी, मी लहान असताना माझ्या थोरल्या भावानं धाकल्यावर बंदूक रोखली. खेळात. बंदूक मामाची. मामानं ती ओसरीत टेकवली अन् म्हणाला, रिकामी आहे, खेळू द्या लेकराले. धाकला चैतराम भात खाऊन राह्यला होता. मामाची रिकामी बंदूक रिकामी नव्हती. माझी माय तिथंच कुडाले टेकून तांदूळ निवडत बसली होती, तिले दोन्ही लेकरं दिसत होती. तेव्हापासून आजवर ती एकच बोलत आली. म्हणे, एकाचा तरी हात धरला असता. अन् मामा? मामा म्हणाला, नशीब. आग लागो त्या नशिबाले!

म्हणून लग्न होऊन इथं आली अन् मधल्या खोलीत खुंटीवर भरमार, तोंडातून बारूद ठासायची बंदूक पाह्यली, तशी पहिल्याच दिवशी भांडली. डुकरं धान खातात, सरकारचा परवाना आहे, सारं ऐकून घेतलं. एकच अट घातली. बंदूक खुंटीवर राहीन, पण बारूद अन् छर्रे पेटीत, अन् पेटीची किल्ली माझ्या कमरेले. ती किल्ली आजपर्यंत दुसऱ्याच्या हाती गेली नाही. हे पाहा, आत्ताही आहे.

पण पोट्ट्याच्या डोक्याले कुलूप कुठून लावू? यंदा लढाईच्या बातम्या सुरू झाल्या, सरपंचाच्या रेडिओपाशी माणसं जमू लागली, अन् आमचा खेमू त्यांच्या पायात घुसून ऐके. मंग मुसळ म्हणू नका, लाटणं म्हणू नका, शेवग्याची शेंग म्हणू नका, त्याले सारी बंदूकच. भाकर कुरतडून कुरतडून तिची बंदूक करे अन् माझ्यावर रोखे. "ठो! माय, मेली तू." मी थोबाडीत दिली. त्याचा बाप हसला. म्हणे, "हिसकलं का जास्त ओढ लागते, खेळू दे." अन् माझ्या सासऱ्यानं, डोमाजीनं, त्याले मांडीवर घेऊन वाघाच्या शिकारीची गोष्ट सांगितली. तिघांच्या तीन तऱ्हा. पोट्टा कोणाचं ऐकन?

२

पोळ्याची गोष्ट तुम्हाले माहीत आहे. तुम्ही होत्याच त्याच्यात. तरी ऐका.

तान्ह्या पोळ्याले साऱ्या लेकरांजवळ लाकडाचा नंदी असते. खेमूसाठी सासऱ्यानं शिवणीचं लाकूड आणलं होतं, नंदीसाठीच. पोट्ट्यानं हट्ट धरला, अन् म्हाताऱ्यानं त्या लाकडाची बंदूक कोरली. नंदीची चार चाकं तिच्याखाली ठोकली. नळीच्या तोंडाशी कोळशानं काळा ठिपका काढला. भोक नव्हतं, गोदाबाई. हे ध्यानात ठेवा. भरीव लाकूड होतं.

मी सासऱ्याले म्हणलं, "मामाजी, हे काय केलं?"

"लाकूड आहे, लीला. नंदी काय, बंदूक काय, सारं लाकूडच."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खेमूच्या बाबानं बैलांच्या खांद्याले तूप-हळद चोळली अन् त्यांच्या कानात आवतण दिलं. आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. आपण सारेच देतो. बाजूले खेमू बसला होता. त्यानं बापाच्या वाटीतली हळद घेतली, लाकडी बंदुकीच्या पाठीवर चोळली, अन् नळीच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." त्याचा बाप इतका हसला का वाटी सांडली. मी म्हणलं, आवतण असं कोणालेही देत नाहीत. माझं कोण ऐकते?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नंदीच्या रांगेत आमची बंदूक गडगडत निघाली. तुमच्या दारी आली. तुम्ही चाकावर पाणी घातलं, कुंकू लावलं, खेमूच्या हाती बोजारा म्हणून मुरमुऱ्याचा लाडू दिला. तिथवर ठीक. पण मंग तुम्ही पुरणाच्या पोळीचा घास तोडून त्या काळ्या ठिपक्याले लावला. "खा बाई, पोटभर खा," म्हणाल्या. साऱ्या बाया हसल्या. मी तुम्हाले तिथंच म्हणलं होतं, बैलाले घास देतो, कारण तो वर्षभर आपल्यासाठी राबते. हे कोणासाठी राबन? तुम्ही काय म्हणाल्या? लेकराचं मन मोडू नये.

मंग तुमचं पाहून साऱ्या आळीनं घास लावला. एक मीच नाही लावला.

३

दुसऱ्या दिवशी मी मधली खोली झाडून राह्यली होती. बंदूक भिंतीले टेकून उभी होती, बरोबर मोठ्या बंदुकीच्या खाली. पुरणाचा कण नाही, तुपाचा डाग नाही. इतक्या घरचे घास लागले अन् लाकूड धुतल्यावाणी साफ. मुंग्यांनी नेलं असन म्हणून मी उचललं. ठिपक्यावर बोट गेलं तर नख आत गेलं.

खेमूनं खिळ्यानं टोकरलं, दुसरं काय! मी त्याचा कान पिरगाळला. तो रडलाही नाही. म्हणाला, "मी नाही केलं, माय. त्यानं तोंड उघडलं."

सासऱ्याले विचारलं. "भुंगा लागला असन," म्हणाले. भुंगा लाकूड खाते तर भुसा पडते. मी खोली दोन्ही वेळा झाडते, भुसा कुठं दिसला नाही मले. पण म्हणलं, असन बाई. घरात काम कमी असते का, का लाकडाच्या भोकाचा विचार करत बसावं? धानाचं निंदण सुरू होतं, तान्ह्या सरिताले दात येऊन राह्यले होते, दिवसभर किरकिर.

पण पुढच्या खेपेले उचललं तर बोटाचं अर्धं पेर आत गेलं. त्याच्या पुढच्या खेपेले अख्खं पेर. अन् आत ओलं होतं. कोमट होतं. मी हात झटकला अन् पदराले पुसला, तर पदराले काही लागलं नाही.

खेमू जेवाले बसला का पहिला घास तिकडे नेई. मी ओरडली का थांबे, मी पाणी आणाले उठली का नेई. एकदा त्याच्या बाबाले म्हणलं, तुम्ही पाहा तरी. त्यांनी पाह्यलं. म्हणाले, "नैवेद्य दाखवते तो. देवभोळा आहे, तुझ्यावर गेला." मले असा संताप आला, का भाताचं भांडं त्यांच्यासमोर आदळून मी उठली.

आमची कोंबडी पिल्लं घेऊन रोज मधल्या खोलीत शिरे, सांडलेले दाणे टिपे. ती उंबऱ्यापर्यंत येऊन परत जाऊ लागली. मी दाणे टाकून पाह्यले. नाही आली.

४

एका दुपारी माणसं शेतात होती. सरिता झोळीत झोपली होती, खेमू खाली चटईवर. मी सैपाकखोलीत तांदूळ पाखडून राह्यली होती. ऊन चांगलं अंगणभर होतं. अन् मले रवंथ ऐकू आली.

बैल रवंथ करते तो आवाज तुम्हाले मी काय सांगू? जन्म गेला आपला त्याच्यात. घरात सुनं असलं का कुडापलीकडून येते. आधी मले काही वाटलंच नाही. गोठा लागून आहे, बैल बसले असतील. मी पाखडत राह्यली. मंग ध्यानात आलं, बैल तर सकाळीच चराले गेले.

सूप ठेवलं. मागच्या दारानं गोठ्यात गेली. गोठा रिकामा, शेण वाळलेलं. अन् आवाज माझ्या मागून येऊन राह्यला, घरातून.

मी वेडी नाही, गोदाबाई. उभी राहून मी विचार केला. उंदीर असन. छपराले काही लागलं असन. पोट्टा झोपेत दात खात असन. एकेक कारण धरत मधल्या खोलीच्या दारात आली. खेमूचं तोंड बंद होतं. सरिताचं तोंड बंद होतं. आवाज चालूच. सावकाश, ओला, मधात गिळल्यावाणी थांबे अन् परत सुरू होई. कोपऱ्यातून येई. मी पाय आत टाकला अन् तो थांबला. कोणी घरचं आलं का जेवणारा थांबते ना, तसा.

तेव्हा मले भीती नाही वाटली. राग आला. माझ्या घरात माझं धान खाऊन कोण बसलं आहे? मी ते लाकूड उचललं अन् सरळ चुलीत घातलं. वर गोवऱ्या रचल्या. जळलं. जसं कोणतंही लाकूड जळते तसं जळलं, चाकासकट. राख चाळून पाह्यली, राखच होती.

खेमू उठला तसं मी म्हणलं, "जाळलं मी. रडाचं असन तर रड."

तो रडला नाही. डोळे चोळले अन् खुंटीकडे मान वर केली. "तो वर गेला," म्हणाला.

वर मोठी बंदूक होती. तिच्या नळीच्या तोंडाले हळद लागली होती. ओली हळद.

५

धानाच्या कोठीवर चढून त्यानं लावली असन, असं मी मनाले म्हणलं. कोठीवर चढून मीच पाह्यलं. माझाच हात जेमतेम पुरे, त्याचा कसा पुरन? खेमूच्या बाबाले विचारलं, "तुम्ही लावली का?"

"मीच लावली असन."

"कधी?"

ते उठून बाहेर गेले. हळद पुसली का? नाही. बंदूक उतरवली का? नाही. रोज म्हणलं, ठाण्यात जमा करा, वारासिवनीले नेऊन द्या, फेकून द्या. "धान दुधावर आलं आहे, डुकरं रोज येऊन राह्यली, अन् तुले आत्ताच बंदूक सुचली!" हे उत्तर. सासरे तर म्हणाले, दसऱ्याले यंदा तिची मोठी पूजा करू, सैनिकांच्या नावानं. मी म्हणलं, सैनिकाले डुकराची बंदूक लागत नाही, मामाजी, अन् तुम्ही कधी वाघ मारला नाही, मले सासूबाईंनी सांगितलं आहे. म्हातारा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरं झालं.

रवंथ आता वरून येई. दुपारी, ऊन असताना. मी सरिताची झोळी त्या खोलीतून काढून सैपाकखोलीत बांधली. तर दुसऱ्या दिवशी खेमू सैपाकखोलीत येऊन झोळीखाली बसला. मी हाकलला. परत बसला. तिच्या पायाचे अंगठे मोजे, हसवे. ती खदखदून हसे. भाऊ बहिणीले हसवते म्हणून त्याले मारू का? तरी मारला मी त्याले. का मारला ते मलेही सांगता येत नव्हतं.

अन् काल सांजवेळी, अंगणात उजेड होता अजून, मी दिवा लावाले आत गेली तर पोट्टा खुंटीखाली उभा. हात जोडून, मान वर.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

मी दारातच थांबली. आवाज गोड काढून विचारलं, "खेमू, काय जेवू घालशीन रे त्याले? पुरण करू का?"

"पुरण नाही लागत त्याले आता," तो म्हणाला.

अन् त्यानं सैपाकखोलीकडे पाह्यलं. झोळीकडे. एवढंच केलं त्यानं, फक्त पाह्यलं.

६

आज सकाळी मी रणच मांडलं. सरिताले पाठीशी बांधलं, कोठीवर चढली अन् बंदूक उतरवली. जड नव्हती. एवढं लोखंड, अन् लेकरू उचलल्यावाणी हलकी. अंगणात आणून सासरा अन् खेमूचे बाबा, दोघा बापलेकांसमोर आडवी ठेवली.

"ही भरलेली आहे," मी म्हणलं.

"किल्ली तुझ्या कमरेले," खेमूचे बाबा म्हणाले. "कोण भरन? हवेनं भरन का?"

"भरलेली आहे. मामाची रिकामी बंदूक मी पाह्यली आहे."

ते चिडले. खेमूसमोर, सासऱ्यासमोर बायकोनं असं बोलावं! म्हणाले, "ये इकडे, तुले दाखवतोच." अन् त्यांनी गज काढला. ठासायचा लोखंडी गज, तुम्ही पाह्यला आहे. नळी जेवढी लांब, गज तेवढाच लांब. भरलेली असली का गज आत जात नाही सारा, वीतभर बाहेर राहते. रिकामी असली का तोंडाबरोबर येऊन थांबते. हे आमच्या घरच्या लेकरालेही माहीत आहे.

त्यांनी बंदूक उभी केली, गज आत सोडला. सरसर गेला. वीतभर राह्यला नाही. तोंडाबरोबर आला.

"झालं समाधान?" म्हणाले, माझ्याकडे पाहून.

मी त्यांच्याकडे नव्हती पाहत. गजाचं टोक त्यांच्या चिमटीत होतं, अन् ती चिमट खाली जाऊन राह्यली होती. सावकाश. बोटांची पेरं नळीच्या तोंडात शिरली. ज्या नळीत करंगळी जात नाही, तिच्यात त्यांच्या दोन बोटांची पेरं गेली. त्यांनी खाली पाह्यलं. ते ढकलत नव्हते, गोदाबाई. त्यांचा चेहरा मी पाह्यला. कोणीतरी खालून घेऊन राह्यलं होतं.

त्यांनी हात ओढला. हात आला. गज नाही आला. मंग आम्ही सारे उभे असताना, सकाळच्या उन्हात, त्या लोखंडात दातांचा आवाज झाला.

सासरा मागं सरकत सरकत भिंतीले जाऊन भिडला. वाघाच्या शिकारीची गोष्ट सांगणारा माणूस तो! खेमू टाळ्या वाजवून हसला. अन् माझ्या पाठीवर सरिता पण हसली, त्याचं पाहून.

७

दोघं बापलेक बंदूक पोत्यात गुंडाळून चंदन नदीवर गेले. डोहात टाकून आले. पुरात वाहून गेली म्हणून ठाण्यात सांगू, एवढंच बोलले. तेव्हापासून खेमूचे बाबा विहिरीपाशी बसून ती दोन बोटं धुऊन राह्यले आहेत. आत्ता येताना तुम्हाले दिसले असतील. मी नाही समजावलं. पोळ्यापासून मी बोलली तेव्हा कान कुठं गेलते?

मले वाटलं, सुटलो. खरं सांगते, पोळ्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवली. चुलीपाशी बसून सरिताले भात भरवला. तेवढ्यात खेमू आला अन् समोर बसला.

"माय, बंदूक कुठं गेली?"

"गेली. आता कधी येणार नाही."

"नाही गेली," तो म्हणाला. अन् त्यानं मूठ केली, एक बोट लांब केलं, लेकरं करतात तसं. सारीच लेकरं करतात. तुमच्या पोट्ट्यांनीही केलं असन. ते बोट त्यानं सरिताच्या तोंडासमोर धरलं. भाताचा घास तिच्या ओठापाशी होता, चैतरामच्या होता तसाच.

बोटाच्या टोकाले काळा ठिपका होता. मी म्हणलं, कोळसा असन. चुलीपाशी बसला तर कोळसाच लागन, दुसरं काय लागन? मी त्याचं बोट पदरानं पुसलं. निघालं नाही. मंग मी त्याच्यावर नख ठेवलं.

नख आत गेलं, गोदाबाई.

तेव्हापासून मी हे बोट मुठीत घेऊन बसली आहे. तो रडून रडून झोपला, तरी सोडलं नाही. आत कोमट आहे. मघापासून माझ्या तळहाताले काहीतरी चघळून राह्यलं आहे. दुखत नाही अजून. चूप बसा जरा, कान इकडे करा. आला आवाज? हौ, तोच.

रडू नका. रडाची वेळ पोळ्याले होती. तुम्ही घास दिला, याच्या बापानं हसून दिला, आजानं कोरून दिला, अन् मी नुसत्या थापडा दिल्या. आता त्याले माझाच हात खाऊ द्या. लेकरू माझं आहे, मी त्याले टाकून कुठं जाऊ? पण माझ्या मायनं जे केलं नाही, ते मी करून राह्यली. एकाचा हात धरला आहे.

दुसरी झोळीत आहे. उचला तिले. हा उठाच्या आत उचला अन् तुमच्या घरी न्या, अन् उद्या पहिल्या मोटारीनं हट्ट्याले माझ्या मायकडे पोहोचवा. दार ओढून घ्या जाताना. तिचा अर्धा भात राह्यला आहे, वाटी घेऊन जा. भुकेली आहे ती.